"या पीसीवर विंडोज ११ चालणार नाही": हा नकार पुन्हा पुन्हा येत असेल तर काय, कोणत्या क्रमानं तपासायचं

लक्षणं

पुढच्यापैकी एक किंवा अनेक गोष्टी दिसत असतील, तर ही तपासणी तुमच्यासाठी आहे.

- विंडोज अपडेटच्या पानावर लाल खूण आणि हा पीसी किमान गरजा पूर्ण करत नाही असा मजकूर.
- मायक्रोसॉफ्टचं मोफत "पीसी हेल्थ चेक" चालवलं की टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप) नाही, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) नाही किंवा प्रोसेसर यादीत नाही, असं उत्तर.
- बायोसमध्ये (मदरबोर्डावरचं, विंडोजच्या आधी चालणारं सॉफ्टवेअर) टीपीएम चालू केल्यावर सगळं हिरवं होतं. लाईट जाऊन आली की पुन्हा तोच नकार.
- बायोसमध्ये सिक्युअर बूट "एनेबल्ड" आहे, पण विंडोज ते "ऑफ" दाखवतं.
- सिक्युअर बूट चालू करायला गेलं की पडदा काळा राहतो किंवा बूट डिव्हाइस सापडत नाही.
- बायोसमध्ये बदल केल्यावर निळ्या पडद्यावर बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) ४८ आकडी की मागितली जाते.

विंडोज ११ च्या अटी अशा: मायक्रोसॉफ्टच्या मान्य यादीतला ६४-बिट प्रोसेसर (किमान दोन कोर, १ गिगाहर्ट्झ), ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, सिक्युअर बूट करू शकणारं यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायोस), टीपीएम २.० आणि डायरेक्टएक्स १२ चालवणारं ग्राफिक्स. रॅम, डिस्क आणि ग्राफिक्समुळे अडलेले पीसी थोडेच असतात. बहुतेक पीसी प्रोसेसर, टीपीएम किंवा बूटची पद्धत यांपैकी एकावर अडतात. त्यातलं प्रोसेसरचं कारण सेटिंगनं सुटत नाही, बाकीची दोन बहुतेक वेळा फुकटात सुटतात. म्हणून प्रोसेसर आधी बघायचा आणि तोवर एकही सुटा भाग विकत घ्यायचा नाही.

१. प्रोसेसरचं नाव वाचा (खर्च शून्य, वेळ एक मिनिट)

सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट. तिथे प्रोसेसरचं पूर्ण नाव असतं. इंटेलमध्ये आय३, आय५, आय७ नंतरचा आकडा पाहा: चार आकडी असेल तर पहिला अंक म्हणजे पिढी, १०४०० सारखा पाच आकडी असेल किंवा लॅपटॉपमधल्या ११३५जी७ सारखा १ नं सुरू होणारा चार आकडी असेल तर पहिले दोन. आठवी पिढी आणि पुढचे चालतात. सहावी-सातवी चालत नाही. ७८२०एचक्यू आणि एक्स-मालिकेतले काही असे मोजके अपवाद आहेत, पण ते घरगुती पीसीत सहसा नसतात. पेंटियम गोल्ड जी५४०० चालतो, पेंटियम जी४५६० नाही. सेलेरॉन एन४००० चालतो, एन३३५० नाही.

खरेदीचं वर्ष पाहून अंदाज बांधू नका. आय३-७०२०यू असलेले लॅपटॉप २०१८ नंतरही नवे म्हणून विकले गेले, आणि तो सातव्या पिढीचा आहे.

एएमडीत गोंधळ जास्त. रायझन २६०० आणि २७०० यादीत आहेत. पण २२००जी आणि २४००जी हे नावात "२०००" असूनही पहिल्या झेन रचनेचे आहेत, त्यामुळे ते यादीत नाहीत. लॅपटॉपमधला रायझन ५ २५००यू नाही, ३५००यू आहे. रायझन १६००, १७०० नाहीत. ए६, ए९ मालिकाही नाहीत.

यादीत नसेल तर पुढे दोन वाटा: प्रोसेसर बदलणं, किंवा शेवटून दुसऱ्या भागातले पर्याय.

असेंबल केलेला पीसी एएमडीच्या एएम४ सॉकेटचा (प्रोसेसर बसायची खाच) असेल, म्हणजे ए३२०, बी३५० किंवा बी४५० मदरबोर्ड, तर नुसता प्रोसेसर बदलून काम होऊ शकतं. मदरबोर्डच्या कंपनीच्या साइटवर तुमच्या नेमक्या मॉडेलची "सीपीयू सपोर्ट" यादी उघडा. नव्या प्रोसेसरसमोर किमान कोणती बायोस आवृत्ती हवी ते लिहिलेलं असतं. ती बायोस जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच टाकायची. आधी प्रोसेसर बदलला तर बोर्ड नव्याला ओळखत नाही, पडदा काळा राहतो आणि बायोस टाकण्यासाठी जुना पुन्हा बसवावा लागतो.

इंटेलच्या एच११० किंवा बी२५० बोर्डावर मात्र ही वाट बंद आहे. आठव्या पिढीचा सॉकेट दिसायला तोच, एलजीए११५१, पण त्याला ३०० मालिकेचा चिपसेट लागतो. आय५-८४०० एच११० मध्ये व्यवस्थित बसतो आणि चालत नाही. "सॉकेट सेम आहे, लावून बघा" या सल्ल्यावर पैसे घालवू नका.

सहाव्या पिढीच्या किंवा त्याआधीच्या पीसीसाठी वेगळं टीपीएम मॉड्यूल घेणंही असंच वाया जातं. मॉड्यूल बसेल, टीपीएमसमोर हिरवी खूण येईल आणि प्रोसेसरच्या ओळीत नकार तसाच राहील. तुमचा पीसी या गटात असेल तर थेट शेवटून दुसऱ्या भागाकडे जा.

२. रॅम, डिस्क आणि ३२-बिट

अबाउटच्याच पानावर "सिस्टम टाइप" असतो. ३२-बिट विंडोजवरून ११ वर अपग्रेड होत नाही. प्रोसेसर ६४-बिट असला तरी नव्यानंच इन्स्टॉल करावं लागतं. ८ जीबी रॅम असताना ४ दिसत असेल तर पीसी बंद करून, वायर काढून पट्ट्या बाहेर घ्या, सोनेरी संपर्क खोडरबरानं पुसा आणि दोन्ही बाजूंच्या खटक्या बसेपर्यंत दाबा. ४ जीबीवर अट पूर्ण होते, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की पीसी रेंगाळतो. ८ जीबी आणि एसएसडी असेल तरच विंडोज ११ वर रोजचं काम धड होतं.

अपग्रेडसाठी सी ड्राइव्हवर २५ ते ३० जीबी मोकळे ठेवा. ज्या स्वस्त लॅपटॉपांत ३२ जीबीचं साठवण बोर्डावरच डाखलेलं आहे, तिथे इथंच थांबा.

३. टीपीएम खरंच नाही, की बंद आहे?

विंडोज आणि आर ही बटणं दाबून येणाऱ्या रन खिडकीत "टीपीएम डॉट एमएससी" टाइप करा (इंग्रजी अक्षरांत, डॉटच्या जागी टिंब). खाली "स्पेसिफिकेशन व्हर्जन २.०" दिसलं तर टीपीएम ठीक आहे, पुढच्या भागात जा. "कंपॅटिबल टीपीएम सापडत नाही" असं आलं तर आठव्या पिढीच्या पुढे ते जवळजवळ नेहमीच बायोसमध्ये बंद असतं. हे टीपीएम प्रोसेसर-चिपसेटच्या फर्मवेअरमध्येच असतं. इंटेल त्याला पीटीटी म्हणतं, एएमडी एफटीपीएम. सुट्या मदरबोर्डांवर ते अनेक वर्षं बंद अवस्थेतच येत होतं.

बायोसमध्ये काही बदलण्याआधी दोन कामं करायचीच:

पहिलं, बिटलॉकर. सेटिंग्जमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" किंवा कंट्रोल पॅनलमध्ये बिटलॉकर चालू आहे का पाहा. लॅपटॉपवर हे तुम्ही काही न करता चालू झालेलं असू शकतं. टीपीएम, सिक्युअर बूट किंवा बायोस यांत बदल झाला की डिस्क स्वतःला कुलूप लावते आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागते. ती की मायक्रोसॉफ्ट खात्यात डिव्हायसेसच्या पानावर असते. की कागदावर उतरवा, मग बिटलॉकर "सस्पेंड" करा. होम आवृत्तीत सस्पेंड दिसत नसेल तर डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करून ते पूर्ण होईपर्यंत थांबा. की मिळत नसेल आणि एन्क्रिप्शन बंदही होत नसेल तर बायोसला हात लावू नका. की नसलेली कुलूपबंद डिस्क कोणताही तंत्रज्ञ उघडून देऊ शकत नाही.

दुसरं, बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो. याचा उपयोग पुढे कळेल.

बायोसमध्ये शिरायला आसुस, गिगाबाइट, एमएसआय आणि एएसरॉक बोर्डांवर डिलीट, डेल आणि एसरवर एफ२, एचपीवर एफ१०, लेनोवोवर एफ१ किंवा एफ२. सेटिंग साधारण इथे सापडतं:

- आसुस: अॅडव्हान्स्ड, मग इंटेलवर "पीसीएच-एफडब्ल्यू कॉन्फिगरेशन"मध्ये पीटीटी; एएमडीवर "एएमडी एफटीपीएम कॉन्फिगरेशन"मध्ये "फर्मवेअर टीपीएम".
- गिगाबाइट: सेटिंग्ज, मिसलेनियस, मग पीटीटी किंवा "एएमडी सीपीयू एफटीपीएम".
- एमएसआय: सेटिंग्ज, सिक्युरिटी, ट्रस्टेड कम्प्युटिंग, "सिक्युरिटी डिव्हाइस सपोर्ट" एनेबल.
- डेल, एचपी, लेनोवो: सिक्युरिटी टॅबमध्ये टीपीएम, पीटीटी किंवा "सिक्युरिटी चिप" नावाची ओळ.

एफ१० दाबून सेव्ह करा, विंडोज सुरू करून टीपीएमची खिडकी पुन्हा उघडा. बायोसमध्ये "क्लिअर टीपीएम" ही ओळही दिसेल. तिला हात लावू नका. त्यानं टीपीएममधल्या किल्ल्या जातात आणि कुलूप पुन्हा आडवं येतं.

रायझनवर एफटीपीएम चालू केल्यानंतर अधूनमधून आवाज तुटणं, माऊस क्षणभर अडकणं असा त्रास झाला तर तो जुन्या बायोसचा दोष असू शकतो. एएमडीनं २०२२ मध्ये तो मान्य करून एजेसा (बायोसमधला एएमडीचा स्वतःचा भाग) १.२.०.७ मध्ये सुधारणा दिली. त्यानंतरची बायोस टाकावी.

४. टीपीएम चालू केलं, पण पुन्हा पुन्हा बंद होतं

या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा मदरबोर्डावरच्या नाण्याएवढ्या सेलमध्ये असतं, आणि लोक त्यासाठी विंडोज फॉरमॅट करतात. सेल सीआर२०३२, ३ व्होल्टचा. तो बायोसची सेटिंग्ज आणि घड्याळ जपतो. सेल संपला की वीज जाताच सेटिंग्ज कारखान्याच्या मूळ स्थितीत परततात, आणि जुन्या बोर्डांची मूळ स्थिती म्हणजे टीपीएम बंद, लीगसी (यूईएफआयच्या आधीच्या जुन्या पद्धतीचं) बूट चालू.

ओळखायचं कसं? पीसी सुरू केल्यावर तारीख काही वर्षं मागे गेलेली असते, त्यामुळे ब्राउझर प्रत्येक साइटवर सर्टिफिकेटची तक्रार करतो. किंवा सुरुवातीलाच "एफ१ दाबा" असं येतं. पीसी प्लगला जोडलेला असतो तोवर बोर्डाला एसएमपीएसकडून (पीसीचा पॉवर सप्लाय) थोडी वीज मिळत राहते आणि सेल फारसा खर्च होत नाही. रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करणाऱ्या घरांत आणि तासन्‌तास लोडशेडिंग असणाऱ्या गावांत हाच सेल लवकर बसतो. मल्टीमीटरवर २.८ व्होल्टच्या खाली असेल तर बदला. शंभर रुपयांच्या आतलं काम आहे.

पीसी बंद, वायर बाहेर, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरून उरलेली वीज जाऊ द्या. सेलच्या बाजूची छोटी पट्टी नखानं बाजूला केली की सेल वर येतो. नवा बसवताना अधिक चिन्हाची बाजू वर. त्यानंतर सगळी सेटिंग्ज फोटोंवरून परत भरा. त्यात साटा मोड (बायोस डिस्कशी कोणत्या पद्धतीनं बोलतं ते) आठवणीनं पाहा. आधी रेड किंवा इंटेल आरएसटी होतं आणि आता एएचसीआय झालं (किंवा उलट), तर विंडोज "इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" म्हणत निळा पडदा दाखवतं. डिस्क बिघडलेली नसते, मोड जुळत नसतो.

लॅपटॉपमध्ये हा सेल काही वेळा वायरचा किंवा डाखलेला असतो. तिथे तंत्रज्ञाकडून बदलून घ्या.

५. बूट लीगसी आहे का? इथे क्रम चुकला की पीसी सुरू होत नाही

रन खिडकीत "एमएसइन्फो३२" लिहा (आकडे इंग्रजी). "बायोस मोड"समोर यूईएफआय असेल तर हा भाग सोडा. "लीगसी" असेल तर डिस्कवरच्या भागांची नोंद बहुधा जुन्या एमबीआर पद्धतीची आहे, आणि यूईएफआयला बूट डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची लागते. म्हणून आधी डिस्क बदलायची आणि मग बायोस. उलट केलं की "बूट डिव्हाइस सापडत नाही". तसं झालंच तर घाबरू नका: बायोसमध्ये सीएसएम (लीगसी बूट चालू देणारं सेटिंग) पुन्हा चालू केलं की जुनी स्थिती परत येते.

विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून डेटा न पुसता एमबीआरचं जीपीटी करणारं साधन आतच असतं. तरी महत्त्वाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये विंडोज असलेल्या डिस्कचा क्रमांक पाहा. एसएसडी आणि हार्डडिस्क दोन्ही असतील तर विंडोज डिस्क ० वरच असेल असं नाही. मग अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत ही आज्ञा लिहा: एमबीआर२जीपीटी, जागा, स्लॅश व्हॅलिडेट, जागा, स्लॅश डिस्क, कोलन आणि डिस्कचा क्रमांक, जागा, स्लॅश अलाऊफुलओएस (हा शेवटचा शब्द सलग). ही फक्त तपासणी आहे, काही बदलत नाही. ती यशस्वी झाली तरच "व्हॅलिडेट"च्या जागी "कन्व्हर्ट" लिहून पुन्हा चालवा. काही मिनिटांचं काम आहे.

तपासणी नापास होण्याचं आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे सी, डी, ई, एफ असे पाडलेले भाग. एमबीआरवर चारपेक्षा जास्त प्राथमिक भाग होत नाहीत, म्हणून असेंबल करणारे डी, ई, एफ हे "एक्स्टेंडेड" भागात "लॉजिकल" म्हणून बनवतात. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते हिरव्या चौकटीत दिसतात. हे साधन लॉजिकल भाग असलेली डिस्क घेत नाही, आणि प्राथमिक भागही तीनपर्यंतच चालतात, कारण नव्या यूईएफआय भागासाठी एक जागा लागते. उपाय: डी, ई, एफ मधला डेटा बाहेर काढा, तो उघडून पाहून खात्री करा, मग ते भाग आणि एक्स्टेंडेड चौकट डिलीट करा, सीला हात न लावता. त्यानंतर कन्व्हर्ट करा आणि मोकळ्या जागेत भाग पुन्हा पाडा. इतकं करायचंच आहे आणि विंडोज अजून जुन्या हार्डडिस्कवर असेल, तर २५६ जीबीची एसएसडी घेऊन त्यावर यूईएफआय पद्धतीनं ताजं इन्स्टॉल करणं जास्त शहाणपणाचं. जुनी डिस्क जशीच्या तशी सुरक्षित राहते.

कन्व्हर्ट झाल्यावर बायोसमध्ये सीएसएम "डिसेबल" करा आणि बूट क्रमात "विंडोज बूट मॅनेजर" पहिला ठेवा.

पडदा काळा राहिला तर ग्राफिक्स कार्डावर संशय घ्या. जीटी २१० सारख्या जुन्या कार्डांच्या फर्मवेअरमध्ये यूईएफआयचा भाग नसतो; सीएसएम बंद झालं की ती सुरुवातीचा पडदा दाखवू शकत नाहीत. पीसी बंद करा, कार्ड काढा, मॉनिटरची केबल बोर्डाच्या पोर्टला लावा. प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसेल (इंटेलचं नाव "एफ"नं संपतं, किंवा एएम४ च्या रायझनला आकड्यानंतर "जी" नसतं) तर सेल पाच मिनिटं बाहेर ठेवून बायोस मूळ स्थितीत न्या. मग नवं कार्ड मिळेपर्यंत सीएसएम चालूच ठेवावं लागेल.

६. सिक्युअर बूट "एनेबल्ड", तरी "ऑफ"

अशा वेळी बहुधा बायोसमध्ये सिक्युअर बूटच्या किल्ल्या (सॉफ्टवेअरची ओळख पटवणाऱ्या) भरलेल्या नसतात. बायोसमध्ये सिक्युअर बूट मोड "स्टँडर्ड" करा किंवा "रिस्टोअर फॅक्टरी कीज" निवडा. आसुसवर "ओएस टाइप"समोर "विंडोज यूईएफआय मोड" हवं. अपग्रेडसाठी पीसी सिक्युअर बूट "करू शकतो" एवढं पुरतं, पण चालू ठेवणंच योग्य; सुरुवातीलाच घुसणाऱ्या घातक सॉफ्टवेअरला तेच अडवतं.

७. सगळं ठीक, तरी अपडेटचं पान नकारच देतं

ते पान जुनी नोंद दाखवत असतं, ताजी व्हायला एखादा दिवस लागू शकतो. हेल्थ चेक पुन्हा चालवा. तिथे सगळं हिरवं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचा इन्स्टॉलेशन असिस्टंट वापरा, वाट पाहायची गरज नाही.

८. बायोस अपडेट: शेवटचा उपाय

वरचं सगळं करूनही टीपीएमची ओळच दिसत नसेल तरच. मॉडेलचं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. गिगाबाइटच्या बोर्डावर कोपऱ्यात छापलेला "रेव्ह" क्रमांकही. फाइल फक्त कंपनीच्या साइटवरून, पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये, आणि पीसी यूपीएसवर. मध्येच लाईट गेली तर बोर्ड मृत होऊ शकतो. यूपीएस नसेल तर हे काम घरी करू नका.

प्रोसेसर यादीत नसेल तर

रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जची नोंद) बदल करून किंवा खास पेनड्राइव्ह बनवून अटी टाळता येतात. घरच्या मुख्य पीसीवर ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मायक्रोसॉफ्ट अशा पीसीला अपडेटची हमी देत नाही, आणि दरवर्षीची मोठी आवृत्ती पुन्हा हातानं चढवावी लागते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना लागतात. कोअर २ ड्युओवर ते सुरूच होत नाही, तिथे कोणतीही युक्ती चालत नाही. ज्या पीसीवरून बँकेचे व्यवहार होतात तो अशा भरवशावर ठेवू नका.

त्याऐवजी विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीवर वाढीव सुरक्षा अपडेट योजनेत नाव नोंदवा. अपडेटच्या पानावरच दुवा असतो. मायक्रोसॉफ्ट खात्याशी सेटिंग्ज सिंक केली तर पैसे पडत नाहीत. घरगुती वापरासाठी या योजनेची जाहीर मुदत १३ ऑक्टोबर २०२६ आहे. त्यापुढे लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टम हा चांगला पर्याय: ४ जीबी रॅमवर व्यवस्थित चालतो, मराठी इनस्क्रिप्ट कळफलकही मिळतो. मात्र टॅली किंवा श्री-लिपीसारखी विंडोजची सॉफ्टवेअरं रोज लागत असतील तर आधी पेनड्राइव्हवरून मिंट चालवून पाहा, डिस्क पुसू नका.

कधी थांबायचं

बिटलॉकरची की सापडत नाही. सेल काढून लावल्यावरही पडदा येत नाही. बायोस अपडेट अर्ध्यात अडकलं. कन्व्हर्ट मध्येच चूक दाखवून थांबलं. डिस्कमधून टकटक आवाज येतो. यांतलं काहीही घडलं तर पुढचा प्रयत्न करू नका, पीसी बंद करून जाणकाराकडे न्या. डिस्क आवाज करत असेल तर ती पुन्हा सुरूही करू नका, डेटा परत मिळवणाऱ्याकडेच द्या.

देताना तोंडी नाही, लिहून सांगा: "डेटा हवा आहे, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका." बायोसचे फोटो, असल्यास बिटलॉकर की, आणि शेवटचा कोणता बदल केल्यावर बिघडलं ते सोबत द्या. पीसी परत घेताना टीपीएमची खिडकी आणि एमएसइन्फो३२ दुकानातच उघडून पाहा. नंतर पीसी बंद करून, वायर काढून, पाच मिनिटांनी पुन्हा लावून सुरू करायला सांगा आणि तेच दोन पडदे पुन्हा बघा. तारीख मागे गेली किंवा टीपीएम गायब झालं, तर सेल बदललेला नाही.